लिंबाच्या बाजूला

“दवा पोटात गेली. अब किधर?”

औषधाची बाटली आमच्या नाकासमोर धरून कंपाउंडरचाचा हे विचारायचे, आणि उत्तर बरोबर येईपर्यंत बाटली सोडायचे नाहीत. खिडकीबाहेर रोगी ताटकळलेला असायचा, पण चाचांना त्याचं काही नाही. “पत्ता न लिहिता टपाल टाकतो व्हय रे?” म्हणायचे.

धाराशिवच्या दवाखान्यात आम्ही तिघं कंपाउंडरच्या परीक्षेसाठी उमेदवारी करत होतो. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती आणि आमचा जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. चाचा वीस वर्षं औषधं बनवत होते, पण त्यांचं शिक्षण सगळं उर्दूतलं. आता नवा नियम आला, जुन्या लोकांनीही परीक्षा द्यायची. नापास झाला त्यानं औषधाच्या टेबलाला हात लावायचा नाही. झालं, आमचे उस्ताद आमच्याच सतरंजीवर येऊन बसले.

औषधं, वजनमापं हे सगळं त्यांच्या हातात मुरलेलं होतं. अडचण होती ती शरीरक्रियेच्या तोंडी परीक्षेची. तिथं नावं इंग्रजीत सांगावी लागत. मग आम्ही सौदा केला. त्यांनी आम्हाला शरीर शिकवायचं, आम्ही त्यांना नावं शिकवायची. जिगर म्हणजे लिव्हर, मेदा म्हणजे स्टमक, गुर्दा म्हणजे किडनी. ती नावं ते उर्दू अक्षरांत चिठ्ठीवर लिहून टोपीच्या घडीत ठेवत आणि मिक्श्चर हलवता हलवता पुटपुटत.

त्यांची शिकवायची तऱ्हा मात्र तुम्ही कुठं पाहिली नसेल. रोगी आटोपले की दवाखान्यामागच्या अंगणात ते चुन्याच्या फक्कीनं माणूस काढायचे. बारा पावलं लांब, उताणा पडलेला. डोकं विहिरीकडं, पाय फाटकाकडं. त्याच्या उजव्या हाताला कडुलिंबाचं झाड होतं, त्या बाजूला जिगर. मग आमच्यापैकी एकानं औषध व्हायचं आणि तोंडातून आत शिरून चालत जायचं.

“अरे, थांब थांब. मेद्यात जरा बस. सरकारी दवेला एवढी घाई नसते.”

आम्ही उकिडवे बसायचो. त्यांनी हात वर केला की आतड्यांची वळणं घेत जिगरपाशी यायचो. तिथं त्यांची सक्त ताकीद असायची. “हा जकातनाका. इथं हर दवेची झडती होते. सलाम करायचा, मगच पुढं.” आम्ही लिंबाकडं तोंड करून सलाम ठोकायचो.

एकदा सोनारी गावची एक म्हातारी औषधाला आली आणि ते चित्र बघून जागीच थबकली. “कुणाचं मढं काढलंय रं?”

“मढं न्हाय आजी, जित्ता हाय,” चाचा म्हणाले. “बघा, आतून चालतोय.”

म्हातारीनं नीट बघून घेतलं आणि जाताना त्या माणसाच्या काळजावर पाय पडू नये म्हणून पार विहिरीकडून वळसा घालून गेली. चाचांना हे इतकं आवडलं की त्यांनी आठवडाभर प्रत्येकाला सांगितलं.

परीक्षा औरंगाबादला होती. तोंडी परीक्षेला माझा नंबर चाचांच्या आधी लागला. परीक्षकांनी विचारलं, “लिव्हर कोणत्या बाजूला?” माझ्या डोळ्यांपुढं अंगण उभं राहिलं आणि तोंडातून गेलं, “लिंबाच्या बाजूला.”

परीक्षकांनी चष्मा खाली घेतला. “कुठला लिंब?” मी घाबरून सगळं सांगून टाकलं, फक्की, उकिडवं बसणं, सलाम, आणि शिकवणारे चाचा बाहेरच बसलेत हेही. ते पोट धरून हसले, शेजारचेही हसले, आणि मी पास झालो. बाहेर येऊन चाचांना म्हणालो, “जा चाचा, माणसं चांगली आहेत.”

आत जाताच त्यांना पहिला प्रश्न आला, “लिंबाला सलाम करायला लावणारे ते तुम्हीच का?” आणि पुन्हा सगळे हसले. कुणाच्या मनात वाईट नसेल. पण वीस वर्षं ज्या माणसानं गावाला औषध पाजलं, त्याला हसणं सहन झालं नाही. टोपीतली सगळी नावं एका दमात उडाली. त्यांना एकही आठवलं नाही.

एस.टी.त मी रडकुंडीला येऊन म्हणालो, “चाचा, माझ्यामुळं झालं.” ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “तू रस्ता बरोबर सांगितलास. बस्स.”

पुन्हा परीक्षेला ते बसलेच नाहीत. त्यांना दारातल्या टेबलावर केसपेपर लिहायला बसवलं आणि त्यांचं टेबल मला मिळालं. त्या टेबलापाशी उभं राहायची मला लाज वाटायची, आजही वाटते. मी खिडकीतून बाटली दिली की ते तिथून मान वर करून बघायचे. विचारायचे काही नाहीत. विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.

त्यांची नोकरी संपल्यावर दोनेक वर्षांनी एका सकाळी ते माझ्या खिडकीपुढं रांगेत उभे दिसले. वाळून गेले होते, डोळे पिवळे. डॉक्टरांची चिठ्ठी त्यांनी पुढं केली. मी सवयीनं विचारलं, “कुठं दुखतंय, चाचा?”

ते म्हणाले, “लिंबाच्या बाजूला.”

मी चिठ्ठी वाचली. मिक्श्चर भरलं, बाटलीवर मात्रेची पट्टी चिकटवली आणि पुढं धरली. त्यांनी ती घेतली नाही.

“दवा पोटात गेली,” ते म्हणाले. “अब किधर?”

मागं रांग होती. मी तोंडापासून सुरुवात केली. घसा, मेदा, आतड्यांची वळणं, एकेक करून सांगत गेलो. जिगरपाशी, जकातनाक्यावर आलो आणि थांबलो. चाचांनी बाटली माझ्या हातातून घेतली, बगलेत धरली आणि मोकळा झालेला उजवा हात कपाळापर्यंत नेऊन मला सलाम केला.