सेवाचं 'आमी'

"तू एकटीच हायेस ना? मंग 'आमी येतो, आमी जातो' काहून करून राहिलीस? निजामाची बेगम लागून गेलीस?"

"आमी तसंच बोलणार, बाबा."

कुडापलीकडून हे ऐकलं आणि सुपातली तूर मी तशीच ठेवली. शेजारचा पुंजाजी आपल्या धाकट्या लेकरावर, सेवावर, ओरडत होता. एवढं भांडण एका शब्दापायी. आणि तो शब्द तर माझ्याच घरून गेलेला.

दोन हजार चार साली साखऱ्यात, आमच्या गावात, माझ्या घरी केबल आली. शेरडं कोंडून सेवा कार्टून बघायला यायचं. कार्टून जपानचं, बोली हिंदी. त्यात एक होडी वल्हवणारं माणूस होतं. लोक विचारायचे, बाई का बाप्या? ते म्हणायचं, "न लड़का, न लड़की. हम नाव चलाते हैं."

सेवानं मला असं हलवलं की चहा सांडला. "आजी, आमी बी असेच हाव!"

"बरं बाई."

"बाई न्हाई."

"बरं बाबा."

"बाबा बी न्हाई."

मी दमले. "बरं लेकरा," म्हणाले. ते मात्र त्याला पटलं. 'मी येते' म्हटलं की बाई, 'मी येतो' म्हटलं की बाप्या. 'आमी येतो' मात्र दोघं बी म्हणतात, म्हणून त्यानं 'आमी' धरलं. मी चौथी नापास, पण एवढं मला कळलं.

पुढच्या उन्हाळ्यात पुंजाजीनं शिरड शहापूरला सोयरीक जुळवली. सेवा एकोणीसचं. माझ्या पायाशी बसलं. "आजी, बाबाला सांगा. कुणाची बायको होऊन आमी जगणार न्हाई."

मी गेले. पुंजाजी म्हणाला, "काकू, लोक विचारतात, तुझ्या घरात पोरगी हाय का पोरगं? काय सांगू? आधी तुमचा टीव्ही फोडा." बोलता बोलता त्याचेच डोळे भरून आले.

परत येऊन मी सेवाला म्हणाले, "करून तर बघ लग्न." हे मीच म्हणाले. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा मला काही मागितलं न्हाई.

हळदीच्या दिवशी सेवा घरातून निघून गेलं. लोकांनी विहिरी धुंडाळल्या, कळमनुरीचा स्टँड पालथा घातला. अजून ठाव न्हाई.

त्या सकाळी मी त्याला शेवटचं पाहिलं. माय मेलेल्या करडाला त्यानं बाटलीनं दूध पाजलं. शेरडं ओढ्यावर नेऊन आणली. मग भागूबाईच्या हॉटेलात दूध घालायला गेलं. "नवरी असून आज बी तूच?" भागूबाई हसली म्हणे. सेवानं दूध मापून ओतलं, दुधाची रिकामी चरवी घरी आणली, राखेनं घासली आणि उन्हात उपडी ठेवली.