साल वर, पोट खाली

सगुणाच्या घरी मोटार अंगणात भिजते आणि जळणाची फाटी पडवीत कोरडी राहतात. मुलगा निलेश रोह्याला कंपनीत कायम झाला, गाडी घेतली, तेव्हा त्याने एकदाच विचारून पाहिलं. आता घरात दोन सिलिंडर आहेत, लाकडं हलवली तर गाडी आत येईल. खुशाल हलव, सगुणा म्हणाली, फक्त नंतर होती तशीच रचून दे. निलेशने विषय सोडला. छातीइतकी उंच, सुतात लावल्यासारखी रचण अख्ख्या निडी गावात दुसरी नव्हती.

नवी सून ऋतुजा पेण शहरातली. हे कुणी शिकवलं, असं तिने विचारलं.

"बाबांनी. पाय मोडला म्हणून."

सगुणा तेव्हा अकरा वर्षांची. खांब गावाजवळच्या माहेरी तिचे बाबा, जनू, आंबा छाटताना फांदीवरून पडले आणि प्लास्टर घालून बाजेवर आले. मे अर्धा सरला होता. ओंडके परसात तसेच पडलेले. फाटी भिजली तर चार महिने धूर गिळायचा आणि कच्चा भात खायचा.

धाकटे हैबतकाका समाचाराला आले. त्यांनी तोडगाही आणला होता. सगळी लाकडं माझ्याकडे टाका, लागतील तशी न्या. बोलणं मायेचं होतं, पण आईचा चेहरा उतरला. रोज सकाळी टोपली घेऊन जावेच्या दारात उभं राहायचं, तेही आपल्याच लाकडांसाठी.

"मी रचते," सगुणा म्हणाली.

काका हसले. "वैनी, पोरीनं रचलेली फाटी नागपंचमीला आंगणात लोळत असतील, बघ."

आई शेतावरून आली की पाचर ठोकून ओंडके फोडायची. फांद्या सगुणा कोयत्याने तोडायची. बाबा बाजेवरून हुकूम सोडायचे. खाली दगड मांड, लाकूड भुईला टेकू देऊ नको. दोन लाकडांत वाऱ्याला वाट ठेव. बाहेरच्या थराला साल वर, फोडलेलं पोट खाली, म्हणजे झड आली तरी पाणी सालीवरून निथळतं. तिसऱ्या दिवशी सगळा ढीग धाडकन कोसळला. तिने जाड लाकडं पुढे आणि बारीक मागे लावली होती.

बाबा रागावले नाहीत. "खालच्या थरापास्नं घे," एवढंच म्हणाले.

तिने तळहाताच्या फोडांवर चिंधी बांधली आणि खालच्या थरापासून घेतलं. या वेळी दोन्ही टोकांना लाकडं आडवी-उभी लावून खांब केले आणि मग मधलं भरलं.

काकांनी रोह्याहून निळं प्लास्टिक आणलं. आपला ढीग डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळून दोरीने आवळला. वाडीतले लोक बघायला गेले.

श्रावणात आठ दिवस पाऊस उघडला नाही. नागपंचमी झाली, सगुणाची रचण तसूभर हलली नव्हती. काकांच्या घरातून मात्र कौलांखालून धूरच धूर. प्लास्टिकच्या आत लाकडांना घाम सुटला होता, पांढरी बुरशी धरली होती. एका सकाळी काका डोक्यावर गोणपाट घेऊन आले आणि बाजेजवळ उभे राहिले.

"दादा, चार फाटी दे."

"माज्याकडं काय मागतोस? रचलीन तिनं. तिला विचार."

काकांना वळावं लागलं. "दे गो सगुणा."

तिने मधल्या लाकडांना हात लावला नाही. उजव्या अंगाने, वरच्या थरातली, ओंजळभर नव्हे तर चांगली कवेत मावतील तेवढी काढून दिली. देताना म्हणाली, "काका, प्लास्टिक सोडा. वारा लागू दे त्यांना."

पुढच्या मे महिन्यात काकांचा निरोप आला, तो बाबांना नव्हे, सगुणाला. ती गेली तर परसात दगड मांडून ठेवलेले, आणि तिला बसायला पाट. पाटावर ती बसली नाही. दगड तेवढे भिंतीपासून दोन वीत लांब घ्यायला लावले, ओल लागू नये म्हणून. काकांनी निमूट घेतले.

"मग तुमच्या काकांकडची रचण टिकली का, आई?" ऋतुजाने विचारलं.

सगुणा न्हाणीच्या चुलीत लाकूड सारत होती. "न टिकायला काय झालं?" ती म्हणाली.