वळणावरचा कठडा

टेकडीच्या पायथ्याशी, बसच्या शेवटच्या थांब्याला लागून शिवणाचं एक दुकान आहे. दुकान कसलं, एक मशीन, एक आरसा आणि पडद्यामागे कपडे घालून बघायला हातभर जागा. मशीनवर बसणाऱ्या बाईंना सगळी आळी मावशी म्हणते. मावशींच्या हाताला यश आहे, पण तोंडाचं विचारू नका. त्यातून कुणी टेकडीवरच्या भुताचा विषय काढला, की मशीन थांबलंच म्हणून समजा.

"भूत कसलं? माझी बहीण आहे ती!"

आता असं म्हटल्यावर ऐकणाऱ्याने काय समजावं? तो आणखीच टरकायचा. मावशी कपाळावर हात मारून घ्यायच्या.

खरी गोष्ट एवढीशी. टेकडीवर पूर्वी दगडाची खाण होती आणि मावशींचे वडील तिथे कामाला होते. मावशींची थोरली बहीण, ताई, रोज दुपारी त्यांचा डबा घेऊन वर जायची. एकदा धुकं दाटलं होतं. वळणावर कठडा नव्हता. ताईचा पाय घसरला, संपलं.

पण उचलली जीभ लावली टाळ्याला! वर्षभरात लोकांनी ताईची हडळ करून टाकली. पांढरं पातळ, उलटे पाय, गुडघ्यापर्यंत केस. अरे, केस? तापात ताईचे सगळे केस गळले होते. गेली तेव्हा कुठे ते कानापर्यंत आले होते. आरशासमोर उभी राहून पोर ते ओढून ओढून बघायची, वाढले का म्हणून. या केसांवरून मावशींनी आळीतल्या अर्ध्या बायकांशी भांडण केलेलं होतं.

बरं, लोकांनी नुसत्या गप्पा ठोकल्या असत्या, तर मावशींनी कानाआड केलंही असतं. पण त्या वळणावर कठडा काही झाला नाही. पुढेही माणसं तिथून पडली, एकाचा पाय कायमचा अधू झाला. लोक म्हणाले, तिनेच ढकललं. झालं! भुताने ढकललं म्हटल्यावर जाब विचारायचा कुणाला? कठड्यासाठी कचेरीत खेटे घालून घालून मावशींच्या चपला झिजल्या.

"मावशी, तुमच्या भावना समजतात," साहेब म्हणाले. "पण कठडा लावून ते थांबणार आहे का?"

"ते म्हणजे काय हो?"

साहेबांनी खाली बघितलं आणि चहा मागवला.

आळीतल्या एकाला सगळे रेडिओ म्हणतात, कारण तो बंद होत नाही. रविवारी बाहेरच्या लोकांना भुताची टेकडी दाखवणं हा त्याचा धंदा. त्याच्या शाळेच्या चड्ड्या मावशींनीच शिवलेल्या. त्यांनी त्याला समोर बसवलं आणि बजावलं, "अरे, तिथे कठडा नाही म्हणून माणसं पडतात. एवढं तरी सांगत जा लोकांना."

"सांगतो मावशी, शप्पथ!"

आणि सांगितलं की पठ्ठ्याने! पुढच्या रविवारी दुकानासमोरून घोळका नेताना म्हणतो कसा, "आणि मंडळी, त्या वळणावर कठडा टिकतच नाही! कितीदा लावला, ती उपटून फेकते!"

मावशींच्या हातातली कात्री तशीच राहिली. महिन्याभरात कचेरीचा ठेकेदारही तेच बोलायला लागला. यांच्यापुढे आता डोकं तरी किती आपटायचं?

मग एका सकाळी साहेब जागा बघायला येणार असं कळलं, म्हणून मावशी दुखरे गुडघे धरत वळणापर्यंत चढल्या. साहेब कसले येतात! धुकं मात्र आलं होतं. वळणावर नवं लग्न झालेलं एक जोडपं फोटो काढत होतं. बायकोने मोबाइल धरलेला, नवरा हसत हसत मागे सरकत चाललेला.

"अहो, मागे कठडा नाही! पडाल!"

"हो मावशी, एकच फोटो," म्हणत तो आणखी मागे गेला.

त्याच्या टाचेखालचे खडे सुटून खाली गेले. मावशी जिवाच्या आकांताने ओरडल्या, "ती उभी आहे तुमच्या मागे!"

तो असा उडाला, की थेट बायकोच्या अंगावर. दोघं रस्त्याच्या आतल्या बाजूला एकमेकांना धरून उभी राहिली.

मावशींना आधी हायसं वाटलं आणि मग असा संताप आला म्हणता! जन्मभर खरं सांगून घसा कोरडा पडला, कुणी ढिम्म हललं नाही. एक थाप मारली आणि माणूस वाचला.

"तुम्ही पाहिलंत तिला?" बायकोने विचारलं. "कशी दिसते?"

कानापर्यंत केस असलेल्या पोरीला कोण भिणार होतं?

"केस गुडघ्यापर्यंत," त्या म्हणाल्या आणि कडेच्या चार पावलं अलीकडे पडलेल्या एका पांढऱ्या दगडाकडे बोट केलं. "त्या पांढऱ्या दगडाच्या पुढे कुणी गेलेलं तिला खपत नाही. सांगा सगळ्यांना."

दुपारपर्यंत रेडिओने ते आळीभर केलं. सख्ख्या बहिणीनेच सांगितलं म्हटल्यावर शंका कोण घेणार? तेव्हापासून घोळके पांढऱ्या दगडापाशीच थांबतात, पुढे कुणी पाऊल टाकत नाही. कठडा अजून नाहीच.

त्या दिवशी मावशींनी दुकान लवकर बंद केलं. आरशाच्या वर ताईचा फोटो आहे, कानापर्यंत केसांचा. फडक्याने तो पुसता पुसता त्यांना रडू फुटलं.

"ताई, रागावू नकोस गं," त्या म्हणाल्या. "त्या मेल्यांच्याने काही होत नाही. शेवटी तुलाच कामाला लावलं."