यशूची चाचणी कोणत्या भाषेत घेतली?

"घरात वातावरणच नसेल तर मुलं तरी काय करणार?"

यशूची चाचणी घेणाऱ्या मॅडम हे माझ्याकडे बघून म्हणाल्या नाहीत. प्रिन्सिपल सरांकडे बघून म्हणाल्या. मी समोरच होते. माझी मुलगी यशोधरा, म्हणजे यशू, माझ्या शेजारी पाय हलवत बसली होती. चौथीतली पोर. आम्ही दोघी त्या खोलीत नसल्यासारखं चाललं होतं सगळं.

"आई काय करते?" पुन्हा सरांनाच.

"पतसंस्थेत क्लार्क आहे. बीकॉम," मीच सांगितलं.

"हो? कुठून केलंत?"

मी कॉलेजचं नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली. विश्वास बसला की नाही, कळलं नाही.

मग मॅडम निकाल सांगायला लागल्या. पोरीसमोर. "स्लो आहे. बुद्धी बॉर्डरलाइन म्हणता येईल. आजूबाजूची जाण कमी आहे." यशूला बॉर्डरलाइन कळलं नाही. स्लो कळलं. तिचे पाय थांबले.

सर म्हणाले, "तिच्या भल्यासाठीच सांगतोय. दाखला घ्या. जवळची मराठी शाळा बघा, नाहीतर स्पेशल स्कूल. इथे तिच्यावर उगाच प्रेशर येतं."

मी "बरं" म्हटलं. बरं! बाहेर आल्यावर स्कूटीची चावी लागेना. गंगापूर रोडवर गाड्या सुसाट चालल्या होत्या आणि मला कुणाच्या तरी अंगावर ओरडायचं होतं.

ही शाळा मोठ्या लोकांची. यशूला तिथे आरटीईच्या मोफत जागेवर प्रवेश मिळाला तेव्हा आम्ही कॉलनीत पेढे वाटले होते. तिसरीपर्यंत निभावलं. चौथीत तक्रारी सुरू झाल्या. तोंडी विचारलं की पटापट सांगते, वाचायला दिलं की अडते. फळ्यावरचं अर्धंच उतरवते. मग शाळेने सांगितलं, मुलीची सायकॉलॉजिकल टेस्ट करून घ्या, आमच्याकडे मॅडम येतात. मी हो म्हटलं. ताप उतरत नसला की रक्त तपासतात, तसंच काहीतरी असेल, असं मला वाटलं. काय तपासणार, कशावरून ठरवणार, मी विचारलं नाही. कुणी सांगितलंही नाही.

चाचणी झाली त्या दिवशी यशू बाहेर आली आणि बाटलीभर पाणी घटाघटा प्यायली.

"काय विचारलं गं?"

"इंग्लिशमध्ये फास्ट फास्ट विचारलं. परत विचारणार होते, पण मॅडम सारखं घड्याळ बघत होत्या." मग म्हणाली, "मराठीत एकच विचारलं. घरी देव कुठे ठेवलेत? मी म्हटलं, आमच्या घरी देव नाहीत. तर त्या हसल्या आणि काहीतरी लिहिलं."

तेव्हा मी हे कानाआड केलं. निकाल ऐकून घरी आल्यावर रिपोर्ट वाचला आणि डोक्यात उजेड पडला. 'घरातील साध्या गोष्टींविषयी माहिती देता येत नाही.' अहो, आम्ही बौद्ध. घरात बुद्धमूर्ती आहे, रोज संध्याकाळी वंदना होते, पण त्या मूर्तीला आम्ही देव म्हणत नाही. आमच्या कॉलनीतलं शेंबडं पोरसुद्धा हेच उत्तर देईल. माझ्या पोरीने खरं आणि नेमकं उत्तर दिलं. मॅडमना देव्हारा नसलेलं घर माहीत नाही, आणि जाण कमी कुणाची? यशूची!

नवरा अंबडच्या कंपनीतून ड्यूटी करून आला. सगळं ऐकून म्हणाला, "जाऊ दे ना. डोक्याला लय ताप करून घेऊ नको. मराठी शाळेत टाकू."

"मराठी शाळेला माझी ना नाही. मी तिथंच शिकले. पण मंद म्हणून टाकायची नाही."

यशू दारातच उभी होती. "मम्मी, स्लो म्हणजे मंद ना?"

मी तिला जवळ घेतलं. एक पक्कं झालं. त्या मॅडमचा शब्द मी माझ्या पोरीच्या कपाळावर राहू देणार नव्हते.

रजा टाकली आणि यशूला घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. तिथे भली मोठी रांग. तिथल्या डॉक्टरबाई थकलेल्या, तुटक बोलणाऱ्या. गोड बोलल्या असं मुळीच नाही. पण पहिलं वाक्य हे: "आधी कान आणि डोळे तपासून आणा. ऐकू येत नसेल, दिसत नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ." शाळेच्या वह्या आणायला लावल्या. ती कधी बोलायला लागली, घरी कोणती भाषा बोलतो, झोप कशी लागते, सगळं मला विचारलं. एका दिवसात काही उरकलं नाही. सकाळी बोलवायच्या, पोर ताजी असते म्हणून. आणि खुद्द यशूला म्हणाल्या, "मराठीत विचारू की इंग्लिशमध्ये?"

यशूने माझ्याकडे बघितलं. हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

पहिला रिपोर्ट त्यांनी वाचला आणि बाजूला ठेवला. "देवाचा प्रश्न चाचणीतला नाही. त्या गप्पा झाल्या. गप्पांवरून निकाल देत नसतात."

शेवटी मला समोर बसवून मराठीत समजावलं. बुद्धी चांगली आहे. अडचण वाचण्यात आणि लिहिण्यात आहे, तिला लर्निंग डिसॅबिलिटी म्हणतात. हा मंदपणा नाही. शिकवायची पद्धत बदलावी लागेल, परीक्षेत जादा वेळ द्यावा लागेल, काही गोष्टी तोंडी विचाराव्या लागतील. मला बरं वाटायला हवं होतं. मला संताप आला.

सायखेड्याला माझा धाकटा भाऊ आहे. मास्तरांनी त्याला ढ म्हणून शेवटच्या रांगेत बसवला, सातवीत त्याने शाळा सोडली, आता कांदा व्यापाऱ्याच्या खळ्यावर हमाली करतो. त्याला फोन करून सगळं सांगितलं.

"मला बी तसंच व्हायचं, ताई. फुडचं वाचोस्तर मागलं निसटायचं. मला वाटायचं, समद्यांचंच तसं असतं."

त्याला कुणीच काही विचारलं नाही. मीसुद्धा त्याला ढच समजत होते.

पुन्हा शाळेत गेले. तीच खोली, तेच सर, त्याच मॅडम. यशूला या वेळी नेलं नाही.

"चाचणी कोणत्या भाषेत घेतली?"

"शाळा इंग्लिश मीडियम आहे," मॅडम म्हणाल्या.

"पोर मराठी आहे. कान-डोळे तपासले होते का?"

सर मध्ये पडले. "हे बघा ताई, एवढं मनाला लावून घेऊ नका."

"मी पालक आहे. पालकाशी बोलतात तसं बोला."

मॅडम म्हणाल्या, "तुमचा गैरसमज झालाय. यात जातीबितीचा काही विषय नव्हता."

"मी अजून जातीचं नाव काढलेलं नाही. तुम्ही काढलंत."

मी नवा रिपोर्ट टेबलावर ठेवला. सर म्हणाले, आमच्याकडे तशी सोय नाही. मी म्हटलं, करा. ते म्हणाले, बाकीचे पालक तक्रार करतात. मी म्हटलं, माझ्याकडे पाठवा.

"दाखला मी मागणार नाही. पोरीला काढायचं असेल तर तुम्ही काढा. तसं लिहून द्या, कारण घाला, खाली सही करा. आरटीईच्या मुलाला आठवीपर्यंत काढता येत नाही, हे मला माहीत आहे."

कुणी लिहून दिलं नाही.

सगळं सुरळीत झालं, असं समजू नका. यशूचं स्पेलिंग अजून चुकतं. वर्गात पोरी अजून हसतात. वर्गाच्या बाईंना जादा वेळेची आठवण दर परीक्षेला करून द्यावी लागते आणि त्या दर वेळी सुस्कारा टाकतात. कॉलनीतल्या कुणाला पोराच्या चाचणीसाठी शाळेतून बोलावणं आलं, की मी सोबत जाते. कोणती भाषा, कोण तपासणार, निकाल कोण समजावणार, हे कळल्याशिवाय आमच्या कॉलनीतली बाई आता कागदावर सही करत नाही. मला शाळेत भांडखोर म्हणतात. म्हणू देत.

परीक्षा असली की मी अर्धा दिवस रजा टाकते आणि शाळेत सरांच्या ऑफिसबाहेर बसून राहते. शिपाई येऊन सांगतो, "सर बिझी आहेत, तुम्ही निघा." मी निघत नाही. यशूला तिचा पूर्ण वेळ मिळाला, हे तिच्या तोंडून ऐकेपर्यंत तिथून हलत नाही. तिची दहावी होईपर्यंत हलणार नाही.