अकरा दहाची चौकशी

भानुमती रत्नपारखी यांना आमच्या ऑफिसात घेतलं तेव्हा मी उघड नाराज होतो. टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं काढून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली बाई, आणि काम काय, तर देशभरातल्या अडतीस डोमेन कंपन्यांना, म्हणजे वेबसाइटची नावं विकणाऱ्या कंपन्यांना, जुन्या पद्धतीवरून नव्या पद्धतीवर आणायचं. यांना सर्व्हर म्हणजे काय ते समजावण्यातच माझं वर्ष जाणार, असं मी घरी बायकोला सांगितलंही होतं. तसं झालं नाही, हे आत्ताच कबूल करून टाकतो.

काम समजायला अवघड नव्हतं. पूर्वी कुठल्याही वेबसाइटच्या नावाबद्दल 'हे कुणाचं?' असं कुणीही विचारलं की उत्तरात मालकाचं नाव, पत्ता, फोन नंबर, सगळं यायचं. नव्या पद्धतीत ही खाजगी माहिती झाकली जाते. अडतीसही कंपन्यांनी नवी पद्धत सुरू करायची आणि एकतीस जानेवारीच्या संध्याकाळी जुनी कायमची बंद करायची, असं ठरलेलं. आम्ही इंजिनिअर मंडळी ईमेल पाठवायचो, समोरचे इंजिनिअर 'काम प्रगतिपथावर आहे' असं कळवून पुन्हा झोपी जायचे. मॅडम ईमेलच्या भानगडीत पडायच्या नाहीत. थेट फोन लावायच्या. बदल केलात का, स्वतः तपासलंत का, मग तसं स्पष्ट म्हणा, असा खाक्या. समोरचा तोंडानं 'झालं' म्हणेपर्यंत त्या फोन ठेवायच्या नाहीत, आणि नुसत्या आवाजावरून कोण थापा मारतोय ते ओळखायच्या. संक्रांतीपर्यंत अडतीसच्या अडतीस कंपन्यांचं काम झालं. मी अडीच वर्षं त्याच कामाला लागलो होतो, तेव्हा मला किती आनंद झाला असेल याची कल्पना करा.

जुन्या पद्धतीच्या सगळ्या चौकशा आमच्या चिकलठाण्याच्या ऑफिसातल्या एका सर्व्हरवरून पुढे जायच्या. एके काळी दिवसाला लाखोंनी यायच्या. कंपन्या एकेक करून बाजूला झाल्या तशा त्या हजारांवर आल्या, मग शेकड्यांवर. वीस जानेवारीला मी नोंदी उघडल्या तर पान जवळजवळ कोरं होतं. दिवसभरात एकच चौकशी. अकरा वाजून दहा मिनिटांनी.

दुसऱ्या दिवशीही एकच, तीच. केसरमसाले नावाचं एक डोमेन होतं, त्याचा मालक कोण, एवढाच प्रश्न. त्या नावाची वेबसाइट मी उघडून पाहिली, तर तिथं काहीच नव्हतं. कुणी तरी मशीन लावून ठेवलं असेल, असं मी म्हणालो. मॅडम चष्मा वर सरकवून नोंदी वाचत राहिल्या. मग म्हणाल्या, मशीन असतं तर रोज ठोक्याला विचारलं असतं. हे कधी अकरा नऊला आहे, कधी अकरा बाराला. कुणी तरी खुर्ची ओढून बसतंय आणि हातानं टाइप करतंय.

मी मागच्या नोंदी काढल्या. सहा वर्षं. रविवार नाही, दिवाळी नाही, लॉकडाऊन नाही, एक दिवस सुटलेला नव्हता. दर वर्षी जूनमध्ये एका ठरावीक दिवशी मात्र तोच प्रश्न तासाभरात आठ-नऊ वेळा विचारलेला. गर्दीत ही चौकशी इतकी वर्षं कुणाला दिसली नव्हती. गर्दी ओसरली आणि ती एकटी उरली. दुपारचे तीन वाजले होते, खिडकीबाहेर जालना रोडवर ट्रक धावत होते, तरी माझ्या अंगावर काटा आला. मी म्हणालो, एका माणसासाठी काही अडत नाही, ठरल्या दिवशी बंद करून टाकू.

मॅडमना ते पटलं नाही. टेलिफोन एक्स्चेंज बंद करतानाही शेवटच्या ग्राहकाला सांगितल्याशिवाय आम्ही वायर कापत नव्हतो, म्हणाल्या. जुन्या उत्तरात मालकाचं नाव होतं सम्यक कडुबा साळवे, पत्ता फुलंब्रीचा, आणि खाली मोबाइल नंबर. त्यांनी तो लावला. पहिली रिंग पुरती वाजलीही नाही.

"सम्यक?" पलीकडून म्हातारा आवाज आला.

मॅडमनी नाव सांगितलं, ऑफिस सांगितलं. मग तो आवाज म्हणाला, या घरी.

तीस तारखेला, गुरुवारी सकाळी, आम्ही फुलंब्रीला गेलो. कडुबा साळवे चिकलठाण्याच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले वॉचमन. मुलगा सम्यक शेंद्र्याला कंपनीत इंजिनिअर होता. सहा वर्षांपूर्वी दुसऱ्या पाळीला म्हणून निघाला, कंपनीत पोचला नाही. मोटारसायकल बसस्टँडच्या पार्किंगमध्ये सापडली, हेल्मेट नीट हँडलला लावलेलं. पोलीस झाले, पेपरात फोटो झाला, कुठंच काही लागलं नाही. जाण्याआधी आईच्या काळ्या मसाल्याची वेबसाइट काढायची म्हणून त्यानं आपल्या नावावर ते डोमेन घेतलं होतं, एकदम दहा वर्षांचे पैसे भरून, फोन नंबर मात्र वडिलांचा देऊन. आणि वडिलांना गंमत म्हणून शिकवलं होतं की बाबा, इथं एवढं टाइप केलं की माझं नाव येतं.

बैठकीत भिंतीवर सम्यकचा फोटो होता. त्याला ताज्या शेवंतीचा हार होता. कडुबांनी आमच्यासमोर तो काढला आणि कॉटवर ठेवला. त्याची आई, केसरबाई, रोज सकाळी घालते आणि मी रोज काढतो, एवढंच म्हणाले. आतल्या खोलीत मसाला कुटण्याचा आवाज येत होता, तो क्षणभर थांबला आणि परत सुरू झाला. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

अकरा दहाला कडुबा कॉम्प्युटरसमोर बसले. एका बोटानं टाइप केलं. काळ्या पडद्यावर मुलाचं नाव आलं, आणि खाली एक तारीख. नोंद शेवटची बदलल्याची तारीख, गेल्या जूनमधली. कडुबांनी तिच्यावर बोट ठेवलं. दर वर्षी जूनमध्ये ती पुढं सरकते, सरकेपर्यंत मी बघत बसतो, म्हणाले. कुठून तरी तो ती सरकवतो.

मॅडमनी आदल्या दिवशीच त्या डोमेनच्या कंपनीला विचारून ठेवलं होतं. ती तारीख कंपनीचं मशीन वर्षातून एकदा आपोआप बदलतं. त्यात सम्यकचा हात नाही. हे त्यांनी कडुबांना सरळ सांगितलं, आणि उद्या संध्याकाळनंतर नावही दिसणार नाही, तेही सांगितलं. मी फरशीकडे बघत बसलो. एवढं खरं बोलायची काय गरज होती, असा मला त्यांचा राग आला होता.

"मशीन सरकवतं का त्यो सरकवतो, मला काय कळतंय," कडुबा म्हणाले. "मी वॉचमन माणूस. फेरी मारायची नि सही करायची. नाव दिसलं की माझी फेरी झाली."

मग मॅडमनी दुसरी गोष्ट सांगितली. नव्या पद्धतीत मालकाचा पत्ता झाकलेला असला, तरी त्याला निरोप पाठवायची सोय आहे. एक अर्ज असतो, त्यात लिहिलेलं थेट त्याच्या ईमेलवर जातं. तो ईमेल आपल्याला दिसत नाही. कुणी उघडतही नसेल, आशा ठेवू नका, असंही बजावलं. मग कडुबांनी सांगितलं आणि मॅडमनी लिहिलं.

"लिवा. घरी ये म्हणत नाय. का गेलास इचारत नाय. बरा हायेस का, येवढंच कळव. बाबा."

साडेबारा वाजता निरोप गेला. आम्ही ऑफिसात परतलो.

दोन वाजून पाच मिनिटांनी, काही कारण नसताना, मी तीच चौकशी स्वतः करून पाहिली. उत्तर आलं: अशी नोंद अस्तित्वात नाही. मला वाटलं माझंच टाइप करताना चुकलं. पुन्हा केली. तेच. मॅडमनी कंपनीला फोन लावला. तिथला इंजिनिअर आकाश आमच्या ओळखीचा होता. त्यानं नोंदी पाहिल्या आणि सांगितलं की दोन वाजता मालकानं स्वतःचा पासवर्ड टाकून लॉगिन केलं, डोमेन कायमचं काढून टाकायची विनंती केली, विचारणा झाली तेव्हा पुन्हा 'हो' म्हटलं, आणि खातंही बंद केलं. सहा वर्षांतलं ते पहिलं लॉगिन. कुठून, ते तो सांगू शकत नव्हता.

मी घाबरलो होतो. मेलेला माणूस असता तर इतकं घाबरलो नसतो. सहा वर्षं कुणी तरी तिकडे गप्प बसून होतं, पासवर्ड विसरलं नव्हतं, आणि बापाची एक ओळ पोचल्यावर दीड तासात त्यानं हे केलं होतं.

मॅडमनी फोन हातात घेतला आणि तसाच धरून बसल्या. एक्स्चेंजला असताना मरणाच्या बातम्यांचे फोन जोडून दिले, म्हणाल्या, पण हा नंबर लागू नये असं वाटतंय. मग लावला. या वेळी कडुबांनी मुलाचं नाव घेतलं नाही. मॅडमनी सगळं सांगितलं, काही न वगळता.

"त्यानंच काढलं? दुसरं कुणी नाय?"

"त्यानंच, कडुबाभाऊ. निरोप पोचल्यावर."

"म्हंजी बरा हाय."

मॅडमनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"त्याला येक डाव आजून लिवा, मॅडम," कडुबा म्हणाले. "म्हणावं, म्हातारा समजला. आता नाय इचारनार."

निरोपाचा तो अर्ज त्या डोमेनच्या नोंदीलाच जोडलेला होता. डोमेन गेलं तसा तोही गेला होता. मॅडमनी ते सांगितलं. आता त्याला लिहायला कुठलीच जागा उरलेली नाही, असं म्हणताना त्यांचा आवाज मला अनोळखी वाटला. पलीकडून कडुबांनी "बरं" म्हटलं, पण फोन ठेवला नाही. मॅडमनीही ठेवला नाही.