माळ्यावरची टाकी

दिवा स्टेशनजवळच्या आमच्या घरातल्या वायफायचा मला वीट आला होता. वीट हा शब्दही सभ्य झाला, शिसारी आली होती. मीटिंगमध्ये मी बोलायला लागले की स्क्रीनवर माझा चेहरा उघड्या तोंडानिशी थिजायचा आणि पलीकडचे दहा जण तो निवांत बघत बसायचे.

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून मी घरूनच काम करत होते. घरात आम्ही दोघीच. तिला उठवायला, संडासला न्यायला, परत आणून बसवायला मीच. आणि साहेबांनी सांगून टाकलं होतं, "शुक्रवारच्या रिव्ह्यूला लाइन तुटली, तर सोमवारपासून ऑफिसला यायचं." ऑफिस शीळफाट्याच्या पलीकडे. म्हणजे आई दिवसभर कुलपात.

राउटर माळ्यावर होता. बसवणारा म्हणाला होता, उंचावर ठेवा. त्याचे लुकलुकते दिवे आईच्या डोळ्यांवर यायला नकोत म्हणून पाण्याच्या टाकीमागची जागा मीच दाखवली होती. आता कस्टमर केअरची ती लाडिक बाई रोज सांगायची, "बंद करून चालू करा." मी रोज स्टुलावर चढायचे, टाकीमागे हात घालायचे आणि बोटांना कोळिष्टकं घेऊन उतरायचे. मग माणूस न येताच मेसेज यायचा की आपली तक्रार सोडवली आहे. इतकं निर्लज्ज खोटं मी नातेवाइकांतही ऐकलेलं नाही.

एकदाचा माणूस आला. बुटांसकट थेट आत. नेमका त्या दिवशी सिग्नल उत्तम. "मॅडम, इधर तर फुल्ल आहे. तुमच्या लॅपटॉपचा प्रॉब्लेम असेल," म्हणाला आणि लादीवर चिखल सोडून गेला. मी ऑफिसातून लॅपटॉप बदलून आणला. तरी तेच. एक दिवस बरा, एक दिवस मेलेला.

त्या आठवड्यात बुधवारी पाण्याची लाइन फुटली. एरवी आमच्याकडे एक दिवसाआड पाणी येतं आणि आम्ही टाकी भरून ठेवतो. या वेळी नळ नुसता फुसफुसत राहिला. शुक्रवारी रिव्ह्यूला बसले तेव्हा घरात वास मारत होता, माझे केस तेलकट होते, आणि सिग्नल असा की एक शब्द अडला नाही. साहेब म्हणाले, "बघा, मनावर घेतलं की होतं." मी हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

दुपारी नळाला पाणी आलं. पाइप लावायला माळ्यावर चढले तर टाकी कोरडी ठणठणीत, मागे राउटर मजेत लुकलुकतोय. टाकी भरू लागली आणि हातातल्या मोबाइलवरच्या वायफायच्या रेघा एकेक करून गळाल्या. राउटर आणि माझं टेबल यांच्यामध्ये दर दोन दिवसांनी मी स्वतःच्या हाताने पाण्याची भिंत उभी करत होते. कंपनीला घातलेल्या सगळ्या शिव्या फिरून माझ्याकडे आल्या.

राउटर दुसरीकडे हलवावा तर त्याची वायर आखूड होती आणि आतून काचेची, घरच्या घरी जोडता येत नाही. माणूस येणार सोमवारनंतर. मी खाली आईला चिडून सगळं सांगितलं.

"मग अर्धीच भर ना," ती म्हणाली. "मला कितीसं लागतं?"

"आई, तुला औषधं आहेत. पाणी प्यायला नको?"

"मी तशीही कमीच पिते गं. जास्त प्यायलं की तू मीटिंगमध्ये असताना तुला उठावं लागतं. ऑपरेशनपासून तसंच चाललंय."

उशाशी सकाळी भरून ठेवलेला ग्लास होता. दोन घोटच कमी झालेला. दोन महिने मी त्या डब्याच्या दिव्यांवर नजर ठेवून होते, या ग्लासाकडे एकदाही बघितलं नव्हतं. माझी मलाच किळस आली.

मी टाकी काठोकाठ भरली. मग ग्लास तिच्या हातात दिला आणि तो संपेपर्यंत तिथून हलले नाही. आत लॅपटॉपवर साहेबांचा कॉल येत होता आणि तुटत होता.