टपालवालीचा खांदा

मंगळवार, ४ मार्च. सकाळपासून वारा. उशांचे अभ्रे धुतले. टपाल: बँकेचं एक, पुतण्याचं एक. टपालवाली जिन्यात बसलेली आढळली. डावा हात वर होत नाही म्हणाली. घरात आणून चहा दिला. अर्धा तास बसली. अठ्ठावीस तारखेला तिची तपासणी.

एवढंच मी त्या दिवशी लिहिलं होतं. पण एकोणीस वर्षांत ही बाई आमच्या जिन्यात कधी बसली नव्हती, म्हणून बाकीचं इथे लिहिते.

आमच्या इमारतीला चार मजले आहेत आणि लिफ्ट नाही. टपालवाली दोन-दोन पायऱ्या एकदम चढायची. पिशवी डाव्या खांद्यावर, उजवा हात पत्रांना मोकळा. कोणाच्या पेटीचं झाकण बोटं चावतं, कोणाचं कुत्रं नुसतंच भुंकतं, हे तिला पाठ. तिसऱ्या मजल्यावरचे बँडवाले आजोबा ठार बहिरे आहेत. त्यांची बेल ती वाजवतच नाही. दाराला पायाने दोन धक्के देते. जमीन हादरली की आजोबा उठून येतात. ही युक्ती तिचीच.

"तपासणी कसली गं?" मी चहा ओतताना विचारलं.

"आठ किलोंची पिशवी घेऊन तीन मजले चढायचं, काकू. मग दोन्ही हात डोक्याच्या वर. नाही जमलं तर फेरी बंद. तळघरात शिक्के मारायला बसवतात."

"बसून काम म्हणजे आरामच की."

"तिथे खिडकी नाही," ती म्हणाली. "समोर भिंत. आधीची बाई तिथे सहा वर्षं बसली. आता रस्त्यात भेटली तर ओळखच पटत नाही तिला, कोण मी ते."

दुखणं तिने वर्षभर अंगावर काढलं होतं. मग मानेच्या डॉक्टरांनी दोन महिने पट्टा घालायला लावला. उशा तीनदा बदलून झाल्या. तिचा नवरा कुलपं दुरुस्त करतो. तो म्हणाला, गंजलंय, हलवत राहा, आणि रोज तेल चोळू लागला. बोटांना मुंग्या येणं काही थांबलं नाही.

कप ठेवायला ती वाकली, तेव्हा सदऱ्याचा गळा सरकला आणि मला खांद्यावरची खाच दिसली. पेन्सिल आडवी ठेवली तर पडणार नाही, एवढी खोल.

"पिशवीमुळे?"

"पिशवी त्याच्यावर बसते. खाच आतल्या पट्टीची आहे. ब्राच्या."

"उजवा खांदा दाखव."

उजव्या खांद्यावर पिशवी कधीच नसते. तिथेही तशीच खाच होती. मी कप उचलायचे विसरले.

"माप काय तुझं?"

"अडतीस."

"कोणी घेतलं?"

यावर ती हसली. घेतलं कोणीच नव्हतं. एकवीस वर्षांपूर्वी, मुलगी झाल्यावर, सासूबाई तिला दुकानात घेऊन गेल्या. गल्ल्यामागच्या माणसाने एकदा तिच्याकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं आणि म्हणाला, अडतीस. सासूबाई म्हणाल्या, द्या, अजून अंग भरेल. वर्तमानपत्रात गुंडाळून पुडकं हातात आलं. तेव्हापासून अडतीस.

मला तिला हसायचा अधिकार नव्हता. आमच्या कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात प्रत्येक मुलीच्या ट्रंकेत कपड्यांची यादी चिकटवलेली असे. मोजे सहा जोड, झगे तीन, रुमाल बारा, आणि सगळ्यात शेवटी, इतर: सहा. त्या 'इतर'बद्दल कोणी कोणाशी बोलत नसे. बसेल तसं बसवून घ्यायचं. माझी निम्मी हयात तशीच गेली. पुढे मला मापवाली सापडली.

औषधांचं दुकान आणि चांभार यांच्यामध्ये मापवालीची एकच खोली आहे. शिलाई मशीन, आरसा, भिंतभर खण आणि एक जाड पडदा. रविवारी उघडी असते, कारण नोकरीवाल्या बायका त्याच दिवशी येतात. पडद्यामागे उंच फळीवर बटणांचा जड डबा असतो आणि कोपऱ्यात केरसुणी. टेप हातात घ्यायच्या आधी ती विचारते, काम काय करता. आणि नवीन ब्रा अंगात घालून झाली की डबा काढायला आणि खोली झाडायला लावते.

रविवारी मी टपालवालीला तिथे नेलं.

"टपाल म्हणजे चालणं आणि चढणं," मापवाली म्हणाली. तिने छातीखाली टेप गुंडाळला, श्वास सोडायला लावला आणि आकडा पाहिला. "चौतीस. तुम्हाला अडतीस कोणी सांगितलं?"

"छताने," टपालवाली म्हणाली.

"अहो ताई, खालचा पट्टा सैल म्हणून तुम्ही खांद्याच्या पट्ट्या ओढत बसलात. सगळा भार त्या दोन दोऱ्यांना टांगलाय. भार या खालच्या पट्ट्याने पेलायचा असतो. खांद्याच्या पट्ट्या नुसत्या सोबतीला. कप मात्र दोन मापं मोठे लागतील."

"आणि माझी मान?"

"मान डॉक्टरांची. खांदे माझे. घ्या ती केरसुणी."

टपालवालीने खोली झाडली, डबा काढला, परत ठेवला. "तुमचं दुकान रोज गिऱ्हाइकंच झाडतात वाटतं?"

"कामाला बाई ठेवायची वेळच आली नाही," मापवाली म्हणाली.

ब्रा घेऊन आम्ही निघालो. म्हटलं, इतके दिवस रोग रेड्याला आणि औषध पखालीला चाललं होतं, आता सुटेल. सुटलं नाही.

मंगळवारी टपालवाली आली, पत्र हातात दिलं आणि वळली. मी थांबवलं तेव्हा म्हणाली, "काकू, काल काय झालं ते विचारू नका." आणि लगेच सांगितलं. सोमवारी तासाभरात खालचा पट्टा एवढा आवळू लागला की श्वास पुरेना. तिने ऑफिसच्या मोरीत जाऊन नवी ब्रा काढली, पिशवीत खुपसली आणि तशीच फेरीला निघाली. वकिलांच्या दारात तीन लिफाफे ओढले, तर चौथी ती बाहेर आली.

"वकील काय म्हणाले?"

"म्हणाले, हे रजिस्टर आहे का, सही कुठे करू?"

मी हसू दाबलं. ती मात्र हसत नव्हती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. त्यात घरी सासूबाईंनी ऐकवलं, की आम्ही तीन पोरं वाढवली ती काय मापं काढून? शिवाय नवऱ्याने तळघरातल्या खुर्चीसाठी उशी आणून ठेवली होती. चांगली जाड, निळ्या कापडाची.

"वाईट मनाने नाही आणली त्याने," ती म्हणाली. "पण बघून कसंतरी झालं."

"एकदा परत जाऊ."

"तुमच्या पाया पडते, काकू, नको."

"पाया पडण्याइतकं वाकता येतंय का तुला?" मी विचारलं. तेव्हा कुठे ती थोडी हसली.

दुसऱ्या रविवारी गेलो. मापवालीने तिला पाठमोरी केलं आणि एकच प्रश्न विचारला.

"कितव्या हुकावर लावलीत?"

"शेवटच्या. नेहमीच्या."

मापवाली स्टुलावर बसली. एकवीस वर्षं सैल पट्टा शेवटच्या हुकावर ओढून लावायची सवय. नवी, बेताची ब्रा घातली तरी हात आपला तिथेच गेला. "ताई, नवी असताना पहिला हूक. सगळ्यात बाहेरचा. कापड सैलावत जाईल तसं आत यायचं. आधीच आवळून घेतलंत तर पुढे काय आवळाल?" मग तिने जुनी ब्रा मागितली आणि पट्टा ताणून पाहिला. "ही वाळत कुठे घालता?"

"दोरीवर. टॉवेलखाली."

"लाजेने दोन दिवस ओली राहते आणि रबर मरतं. टॉवेलला तुमची काळजी नाही, ताई. उघडी, सावलीत, वाऱ्यावर."

पहिल्या हुकावर लावून टपालवालीने दीर्घ श्वास घेतला आणि सोडला. मापवालीचं लक्ष मात्र खांद्यावर गेलं होतं. "डावीकडे जास्त लाल आहे. उजवीकडे एवढं नाही, मग इथेच का?"

"इथे पिशवी."

"कुठे आहे पिशवी?"

"ती सरकारी. सुट्टीच्या दिवशी ऑफिसबाहेर काढता येत नाही."

"म्हणजे मी अर्ध्याच बाईचं माप घेतलं," मापवाली म्हणाली. स्वतःवरच चिडली होती ती. "केरसुणीने घर झाडणाऱ्या बाईचं कळतं. टपालाचं काय कळणार? मला आठ किलो वजन पाहिजे आणि जिना."

जिना माझ्याकडे होता. दुपारी दुकान बंद करून मापवाली आमच्याकडे आली, गळ्यात टेप, कॉलरला टाचण्या. आठ किलोंसाठी मी धान्य काढायला निघाले. पण धान्य एका कोपऱ्यात गोळा होतं, पत्रं तशी होत नाहीत. मग मी कपाटातून डायऱ्या काढल्या. शहात्तर सालापासून सुरुवात केली आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर तीन-तीन करत मोजल्या. सत्त्याऐंशीपर्यंत आठ किलो भरले. बाजाराच्या लांब पट्ट्याच्या पिशवीत घातल्या.

टपालवाली पुढे, मापवाली खडू घेऊन मागे, मी दारात. पहिल्या फेरीला ती तिसऱ्या मजल्यापर्यंत गेली आणि आली.

"काकू, तुमची बारा वर्षं चांगलीच जड आहेत."

"त्यात दोन बाळंतपणं आहेत," मी म्हटलं.

तिसऱ्या फेरीला मापवालीने तिला मधल्या वळणावर थांबवलं. पिशवीचा पट्टा नेमका ब्राच्या पट्टीवर बसत होता, आणि पट्टीवरची लोखंडी कडी त्याच्याखाली चेपत होती. तिने खडूने दोन रेघा मारल्या. डावी पट्टी दोन बोटं आत घ्यायची, रुंद करायची, आतून मऊ कापड लावायचं, आणि कडी खांद्यावरून काढून पाठीवर न्यायची. एवढंच. मला वाटलं होतं काहीतरी मोठं निघेल.

बुधवारी ब्रा शिवून मिळाली. पहिल्या दिवशी तिने दुपारपर्यंत घातली, दुसऱ्या दिवशी पूर्ण. मुंग्या एकदम गेल्या नाहीत. आधी करंगळी सोडून बाकीची बोटं सुटली. मानेचे व्यायामही डॉक्टरांनी सांगितले तसे चालू ठेवले. पंचवीस तारखेला ती आमच्या जिन्यात दोन पायऱ्या एकदम चढली आणि माझ्याकडे न पाहता वर गेली.

अठ्ठावीस तारखेला तपासणी झाली. सोमवारी ती आली तेव्हा मी दार उघडंच ठेवलं होतं.

"पिशवी घेऊन चढले, काकू. काही नाही झालं. हात वर करताना डावा कानाच्या थोडा पुढे राहिला. डॉक्टर म्हणाले, मागच्या कागदावर तर हा खांद्याच्या वरच जात नव्हता. काय केलंत?"

"मग?"

"म्हटलं, माप बदललं. ते कागदाकडे बघत बसले. शेवटी लिहिलं, व्यायामाने सुधारणा."

"आणि फेरी?"

"सहा महिने माझीच. मग परत बघणार." तिने पाण्याचा ग्लास रिकामा केला. "सहा महिन्यांत हा कानापर्यंत नेते की नाही बघा."

"उशीचं काय केलं?"

"सासूबाईंनी घेतली. वर विचारत होत्या, ती मापवाली म्हाताऱ्या बायकांनाही झाडायला लावते का?"

मग पिशवी सावरून ती तिसऱ्या मजल्यावर गेली. थोड्या वेळाने दाराला पायाचे दोन धक्के ऐकू आले.

त्या संध्याकाळी डायरीत हे सगळं थोडक्यात लिहिलं. शेवटची ओळ: पाण्याचं बिल आलं. मोरीतल्या नळाचा वॉशर बदलून घेतला.